आण्णांनी दिलेले दहा

भूपाल मगदूम यांना कळंबा रोडच्या आपल्या कॉलनीत तोंडावर सगळे आण्णा म्हणतात आणि पाठ वळली की ‘ओके मगदूम’. दोन्ही नावं त्यांना ऐकू येतात, पण दुसऱ्याला ते वळून बघत नाहीत. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं फायनल इन्स्पेक्शनला ते बावीस वर्षं होते. भाग मोजायचा, नट आवळलाय का बघायचं आणि नटावरून खालच्या लोखंडावर उतरणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची, म्हणजे माल ओके. नट नंतर केसभर जरी फिरला तरी ती रेघ तुटते. आण्णांची रेघ नसलेला माल गेटबाहेर जात नव्हता, आणि न मोजता आण्णांनी रेघ ओढली असं बावीस वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं.

हा रोग घरापर्यंत आलेला होता. बाजारातून आणलेला नारळ ते कानाशी धरून तीनदा हलवतात. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा पोराच्या घरचा जिना बघून आले. म्हणाले, सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. पोरगा कसा आहे ते त्यांच्या बायकोनं, सुरेखावहिनींनी बघितलं म्हणून लग्न तरी झालं. शेजारच्या शालूबाई अजून सांगतात की आण्णा भाकरी ताटात पडली की आधी कड तपासतात. यातलं निम्मं खोटं असेल, पण कुठलं निम्मं ते सांगणं अवघड आहे.

आता नवराबायकोचं. घरात आण्णा बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. समोर माणूस बसला की त्यांना सुचतच नाही. ‘मीठ?’ ‘घातलंय.’ ‘फोन कुणाचा?’ ‘पोरीचा.’ एवढ्या भांडवलावर एकतीस वर्षांचा संसार म्हणजे कमालच, पण त्यातलं खरं गुपित मोटारसायकल होतं. वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या, उजवा हात आण्णांच्या खांद्यावर ठेवला आणि गाडी कॉलनीच्या वळणावरून बाहेर पडली की दोघांनाही वाचा फुटायची. तोंड दिसत नाही, नजर रस्त्यावर. मग आण्णासुद्धा लग्नाच्या आधी बघितलेल्या दुसऱ्या मुलीविषयी बोलायचे. खांद्यावरच्या हाताची त्यांची एक भाषा होती. एका बोटानं दाबलं की ‘हळू’. चारी बोटं दाबली की ‘ऐकताय न्हवं?’ दर रविवारी सकाळी जैन बस्तीत जाऊन देवदर्शन, मग कळंबा तलावाला वळसा घालून घरी, असा तासाभराचा कार्यक्रम होता. दर्शनाला दहा मिनिटं पुरायची. उरलेला वेळ त्यांचा.

जुनी गाडी नाक्यावरच्या सयाजी मेस्त्रीकडं जायची. सयाजी गाडी खोलून ठेवून चहाला जायचा, पण परत आल्यावर नीट जोडायचा. दोन वर्षांपूर्वी आण्णांनी नवी गाडी घेतली आणि तिच्याबरोबर वॉरंटी घरात आली. वॉरंटी म्हणजे बाहेरच्या माणसानं नटाला हात लावायचा नाही. सगळी कामं हायवेवरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी आण्णांनी रजा टाकून गाडी तिथं नेली. मागच्या ब्रेकचं पॅडल फार खोल जात होतं. निघण्यापूर्वी सवयीनं त्यांनी मागच्या चाकापाशी वाकून ब्रेकच्या नटावर आपली पिवळी रेघ ओढली आणि खाली इंजिन ऑइलच्या बोल्टावर दुसरी. शोरूमवाल्यांनी खरंच खोललं की नुसतंच धुतलं, ते संध्याकाळी रेघच सांगणार होती.

काउंटरवर पंचवीस-सव्वीसची मुलगी होती, गळ्यात ‘रोहिणी’ असं लिहिलेलं कार्ड. तिनं टॅबवरून मान वर न करता विचारलं, “सर, पूर्ण नाव?”

“भूपाल बाबगोंडा मगदूम.”

आता तिनं मान वर केली. “सर, गाव कुठलं म्हणायचं?”

“रुकडी. सासरवाडी घोसरवाड.”

“घोसरवाड? कुणाच्यात?”

“पायगोंडा पाटलांची लेक.”

“अय्यो! म्हणजे सुरेखाआत्तीचं मालक व्हय तुम्ही? आमचं घर त्यांच्या मळ्याच्या वाटंवरच हाय की! आत्तीनं मला काखंत घिऊन फिरवलंय म्हणं. मग तुम्ही आमचं मामाच झालासा.”

दहा वाजता गाडी ‘सर’ची होती, दहा वाजून पाच मिनिटांनी ती मामांची झाली. मामांना चहा आला. मशीनचा चहा, पण बिस्किटांसकट. आण्णांनी सांगितलं, “बाळ, बाकी कायबी करा, मागचा ब्रेक तेवढा खोलून बघा. पॅडल बसायलंय.” रोहिणीनं लिहून घेतलं. “मामा, तुमची गाडी म्हंजे घरची गाडी. काळजीच सोडा.”

संध्याकाळी आण्णा गाडी न्यायला आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. थंडीचे दिवस. आण्णांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, ते आजतागायत चुकलेलं नाही. वहिनी ताट वाढून दारात उभ्या असणार. ऊन शोरूमच्या काचेवरून खाली घसरत होतं. गाडी बाहेर उभी होती, पॉलिश करून अशी चकचकीत की आण्णांना आपलं टक्कल टाकीत दिसलं. ते मागच्या चाकाकडं वाकणार, एवढ्यात रोहिणी धावत बाहेर आली.

“मामा, एक काम हाय. आत्ता कंपनीचा फोन येईल, मार्क विचारत्यात. सगळ्याला दहा म्हणा हं.”

“बघतो की. नऊ-दहा काय असंल ते.”

“नऊ नको मामा! नऊ दिलं तरी आमचं शून्यच धरत्यात.”

“नवाचं शून्य? हे कसलं माप?”

“मापच तसलं हाय. गेल्या महिन्यात दोघांनी आठ-आठ दिलं, तर सगळ्यांसमोर उभं करून ऐकवलं मला. अजून एकदा कमी आलं तर काढतो म्हणाल्यात.” तिनं हात जोडले नव्हते, पण जोडायला फक्त बोटभर अंतर राहिलं होतं. “आणि मी सांगितलं म्हणून नका सांगू. सांगायला बंदी हाय.”

तेवढ्यात फोन वाजलाच. गोड आवाजाची बाई होती. गाडीची स्वच्छता? दहा. कर्मचाऱ्यांची वागणूक? दहा. तुम्ही सांगितलेल्या तक्रारीचं निवारण? आण्णा क्षणभर थांबले. उन्हाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. दहा. पाच प्रश्न होते, पाच दहा झाले. बावीस वर्षांत न मोजता ओढलेली पहिली रेघ ती. रोहिणी म्हणाली, “आत्तीला सांगा, मी यिऊन जाते.” आण्णांनी किक मारली. वाकायचं राहून गेलं.

घरी येताना पॅडल दाबलं. खोल गेलं. सिग्नलला परत दाबलं, परत खोल गेलं. आण्णांनी मनाशी म्हटलं, ब्रेकला नवीन लायनर बसवला असंल, घासून बसायला चार दिवस लागतात. हेच वाक्य कारखान्यात दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आण्णांनी त्याला हाताला धरून मशीनपाशी नेलं असतं. शुक्रवार-शनिवार कंपनीची बस होती, गाडी पार्किंगमध्ये उभी होती. आण्णा तिच्या शेजारून चार वेळा गेले. चारी वेळा त्यांनी टाकीवरची धूळ रुमालानं पुसली आणि मागच्या चाकाकडं बघितलं नाही. बघितलं असतं आणि रेघ शाबूत निघाली असती तर? सासुरवाडीच्या पोरीला दिलेलं परत मागायचं कुठल्या तोंडानं?

रविवारी बस्तीतून निघून ते तलावाकडं वळले. सकाळचे आठ. वहिनी अगदी रंगात आल्या होत्या. शालूबाईच्या घरात आदल्या दिवशी मोठा तमाशा झाला होता, कॉलनीला फक्त आवाज ऐकू आला होता, आतली बातमी एकट्या वहिनींकडं होती.

“मग काय झालं म्हाईत हाय का? सून म्हणली, मिक्सर माझ्या म्हायेरचा हाय, मी घिऊनच जाणार. शालूबाईनं झाकण धरलं, तिनं भांडं धरलं, आणि तेवढ्यात तो शहाणा…”

उताराला डाव्या हातच्या वाटेतून उसाची ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. वहिनींचं एक बोट खांद्यावर दाबलं गेलं. आण्णांनी पाय दाबला. पॅडल पार खाली गेलं, पायाखाली काहीच नव्हतं. मग त्यांनी हातातला पुढचा ब्रेक आवळला, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाल्यावरून पुढचं चाक सटकलं.

आण्णांना गुडघ्याला खरचटलं, तेवढंच. वहिनी हातावर पडल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, हनुवटीला पाच टाके पडले. दवाखान्यात प्लास्टर वाळायची वाट बघत दोघं बाकड्यावर बसली होती. आण्णांनी विचारलं, “मग त्या शहाण्यानं काय केलं?”

“कुणी?”

“शालूबाईच्या लेकानं. मिक्सरचं.”

“काय न्हाय,” वहिनी म्हणाल्या.

दुपारी, गाडी घरी आणल्यावर, आण्णा एकटेच कॉलनीच्या पार्किंगमध्ये गेले आणि चाकापाशी गुडघे टेकून वाकले, खरचटलेल्या गुडघ्यासकट. ब्रेकच्या नटावरची पिवळी रेघ जशीच्या तशी होती, ओढून सोडलेल्या दोऱ्यासारखी सरळ. ऑइलच्या बोल्टावरचीही. त्यांनी गाडीच्या बाजूच्या डब्यातून शोरूमचं जॉबकार्ड काढलं. ‘मागील ब्रेक: खोलून साफ केला, तपासला, ओके.’ ‘ऑइल: बदलले, ओके.’ खाली सही. तो एक शब्द ते बराच वेळ वाचत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून हे सगळं दिसत होतं, पण त्या दिवशी कुणाला हाक मारून चेष्टा करावीशी वाटली नाही, यावरून काय ते समजा.

सोमवारी ते शोरूमला गेले. मॅनेजर विश्वजित म्हणून होता, इस्त्रीचा शर्ट, दर वाक्याला सर. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, पाणी मागवलं. आण्णांनी मोबाइलवर रेघेचा फोटो दाखवला.

“ही काय आहे सर? पेंट आहे का?”

“माझी खूण. नट फिरला असता तर तुटली असती. खोललाच न्हाय तुमी.”

“सर, वहिनीसाहेबांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. आम्ही असं करू, ब्रेक आत्ता लगेच करून देतो, पूर्ण फ्री. वॉशिंग पण करून देतो.”

“वॉशिंग नको. मला एक कागद पायजे. ‘ब्रेक खोलला नव्हता’, एवढंच लिहा आणि सही करा. मला बाकी कायबी नको.”

“तसं लिहून देता येत नाही सर.” विश्वजितनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. “कारण सिस्टीमला तुमचं उत्तर आहे. ऐकवू का?”

आणि त्यानं ऐकवलं. गोड आवाजाची बाई विचारत होती, आणि आण्णांचाच आवाज, थोडा घाईतला, सांगत होता: दहा. दहा. मग थोडी जागा रिकामी. मग, दहा. काउंटरपाशी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी वळून बघितलं. रोहिणी टॅबमध्ये मान घालून उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

विश्वजित आता आवाज खाली आणून म्हणाला, “सर, एकच विचारतो. आमच्या स्टाफपैकी कुणी तुम्हाला दहा द्या म्हणून सांगितलं होतं का? तसं असेल तर तो फीडबॅक रद्द धरता येतो. मग तक्रार परत उघडता येईल, आणि जो कोण असेल त्याच्यावर आम्ही आजच ॲक्शन घेऊ.”

इथं आण्णांच्या हातात सगळं होतं. एक नाव घेतलं असतं तर कागद मिळाला असता. त्यांनी रोहिणीकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही, पण टॅबवर फिरणारं बोट थांबलं होतं.

“न्हाय,” आण्णा म्हणाले. “कुणी न्हाय सांगितलं. मीच दिलं.”

“मग सर, तुम्हीच सांगा, मी काय करू?”

आण्णांनी पाणी प्यायलं नाही. गाडी तिथं सोडली नाही. पॅडल तसंच खोल, गाडी तशीच पहिल्या गिअरमध्ये रांगवत त्यांनी ती नाक्यावर सयाजीकडं आणली. सयाजीनं ड्रम खोलला, आत फुंकर मारली आणि दोन वर्षांच्या काळ्या भुकटीनं त्याचंच तोंड माखलं.

“आण्णा, हे तर कंपनीतनं आल्यापासनं कुणी उघडलंच न्हाय. आणि लायनर बघा की, काचंगत गुळगुळीत. तुमच्यासारख्या माणसाच्या पायाला कसं कळलं न्हाय हो?” सयाजीनं सहज विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, हाच प्रश्न अजून एकदा यायचा होता.

रात्री नव्हे, त्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर, अजून बाहेर उजेड होता. वहिनी डाव्या हातानं जेवल्या होत्या. आण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. फोनचं, रोहिणीचं, दहाचं, कागदाचं. घरात, समोरासमोर बसून इतकं बोलणं म्हणजे आण्णांच्या आयुष्यातलं पहिलंच. शेवटी वहिनी म्हणाल्या, “पोरीचं नाव घेतलं न्हाय ते बरं केलं. तिचा बा अंथरुणाला खिळून हाय.”

आण्णांना वाटलं, मिटलं.

“पण मला एक सांगा. त्या शोरूमवाल्यांनी उघडलं न्हाय, व्हय. पण गुरवारी तुम्हीच चालवत आलासा न्हवं? तुमच्या पायाला कळलं न्हवतं?”

खोटं बोलायला जागा होती. वहिनींनी मानलंही असतं. पण आण्णा मगदूम तसला माणूस नव्हता, हेच त्यांचं दुर्दैव.

“कळलंतं,” ते म्हणाले.

वहिनींनी एकदा हूं केलं. डाव्या हातानं ताट उचललं आणि आत गेल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. आण्णा खुर्चीत बसून वाट बघत राहिले की आतून भांडं आपटल्याचा तरी आवाज येईल. नळाचा आवाज आला, तोही नेहमीसारखा.

जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. सयाजीनं ब्रेक असा केला होता की नुसता पाय ठेवला तरी गाडी जागच्या जागी थांबावी. आण्णांनी स्वतः वीस वेळा तपासला, कॉलनीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, खडूनं रेघा मारून. पोरंटोरं बघून हसत होती. रविवारी सकाळी त्यांनी गाडी दाराशी लावली, हेल्मेट घातलं, दुसरं हेल्मेट हातात धरलं. वहिनी खाली आल्या, म्हणाल्या, “मनगटात कळ येती अजून. धरायला जमायचं न्हाय. मी रिक्षानं येते, तुम्ही व्हा फुडं.” पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी आण्णांनी विचारलंच नाही. शालूबाईंकडं पाहुणे आले तेव्हा त्याच मनगटानं वहिनी बारा माणसांच्या चपात्या लाटत होत्या, शालूबाईंनी स्वतः बघितलं होतं.

घरात बोलायचा प्रयत्न आण्णांनी करून बघितला, नाही असं नाही. एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसले आणि भिंतीकडं बघून म्हणाले, “आज कारखान्यात एक गंमत झाली.” वहिनी म्हणाल्या, “काय?” आण्णांना पुढं सुचेना. कारण गंमत काही झाली नव्हती. झालं होतं ते असं की ओके करून बाजूला ठेवलेला माल आण्णा परत मोजायला लागले होते. एकदा मोजायचं, रेघ ओढायची, टेबल सोडून चार पावलं जायचं आणि परत यायचं. ब्रश हातात धरून उभे राहायचे. आदर्श नावाचा सुपरवायझर, आण्णांच्याच हाताखाली शिकलेला, तो एकदा म्हणाला, “आण्णा, लाइन तुंबलीय. तुम्ही एकदा ओके म्हणला की आमास्नी पुरं असतंय की.” आण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो निमूट निघून गेला. मार्चपासून त्यांनी स्टोअरला बदली मागून घेतली. तिथं रेघा ओढायच्या नसतात, पेट्या मोजायच्या असतात.

त्याआधी, फेब्रुवारीत, घोसरवाडला बारसं होतं, वहिनींच्या भाच्याच्या मुलाचं. पूर्वी असल्या वाटेला दोघं पहाटेच निघायची. दीड तासाचा रस्ता अडीच तासांचा करायची. या वेळी वहिनींनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, मी एसटीनं जाणार. आण्णा म्हणाले, मीही एसटीनं येतो. त्या म्हणाल्या, “कशाला? गाडी हाय न्हवं दारात? तिकडं फिरायला लागती.” मग असं झालं की वहिनी एसटीत मागच्या बाजूच्या खिडकीपाशी, आणि तिच्या मागोमाग मोटारसायकलवर आण्णा. त्यांना पुढं जाता आलं असतं. गाडी रिकामी होती, रस्ता चांगला होता. ते गेले नाहीत.

हातकणंगल्याला एसटी थांबली. आण्णा गाडी खिडकीखाली घेऊन आले. वहिनींच्या शेजारी कुणी एक परकी बाई येऊन बसली होती, हिरव्या लुगड्यातली, मांडीवर वांग्यांची पिशवी. वहिनी तिला काहीतरी सांगत होत्या. हातवारे करून, उजव्या हातानं, मनगट फिरवून फिरवून सांगत होत्या. ती बाई हसून हसून पुढच्या सीटच्या दांड्याला डोकं टेकत होती. वहिनींचं लक्ष खाली गेलं. त्यांनी दोन बोटांनी ‘तुम्ही व्हा फुडं’ अशी खूण केली आणि राहिलेलं सांगायला परत तिच्याकडं वळल्या.

आण्णांनी हेल्मेटची काच वर केली. खिडकी अर्धी उघडी होती. कंडक्टरनं घंटी मारली, इंजिन गुरगुरलं, आणि त्या आवाजात वहिनींचं एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.